खुंटीभोवतीची कड: हाडातून ऐकवणाऱ्या मशीनची रोजची निगा

भाचेसुनेचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात गावदेवी मंडईत भाजी घेत होते. कोपरखैरण्याहून बोलत होती, आवाज रडवेला. तिचं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं. दोन्ही कानांच्या पाळ्या अर्धवट आणि कानांची भोकं जन्मतःच बंद. तपासण्या झाल्या होत्या. आतला कान चांगला आहे, मशीनने ऐकू येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पण मावशी, भोकच नाही तर मशीन घालायचं कुठे?"

तिला म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. पर्समध्ये माझ्या मशीनची डबी होती आणि चकल्यांची एक पुडी. चकल्या तिला समजावण्यासाठी घेतल्या होत्या.

"दोन्ही कानांत बोटं घाल, घट्ट. आता नवऱ्याला सांग तुझ्या तोंडात चकली घालायला, आणि चाव." तिने चावली आणि डोळे मोठे केले. तुम्हीही करून बघा. कान बंद केल्यावर पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न मंदावतात, चकलीचा कुरकुराट मात्र डोक्यात घुमतो. तो आवाज कानाच्या भोकातून आलेलाच नसतो. दातांतून जबड्यात, जबड्यातून कवटीच्या हाडात आणि तिथून थेट आतल्या कानात तो पोचतो. रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज परका वाटतो त्याचंही कारण हेच. बोलताना आपण स्वतःला हवेतून आणि हाडातून असं दोन्हीकडून ऐकत असतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडाचा वाटा गळून पडतो.

या दुसऱ्या वाटेने ऐकवणाऱ्या मशीनला आपल्याकडे सगळे 'बाहा' म्हणतात. मुळात ते एका प्रकारच्या मशीनचं नाव, पण आता सगळ्याच प्रकारांना चिकटलंय. मी गेली आठ वर्षं ते वापरते. ऑपरेशनची माहिती कुठेही मिळते. त्यानंतर घरी, मोरीत, पावसात, लोकलच्या गर्दीत ते कसं सांभाळायचं, हे मात्र मला चुका करत शिकावं लागलं. भाचेसुनेला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

कान तीन खोल्यांचं घर आहे असं समजा. बाहेरची बोळ म्हणजे कानाचं भोक. मधल्या खोलीच्या दारावर पडदा आणि आत तीन चिमुकली हाडं. सगळ्यात आत गोगलगाईच्या शंखासारखा अवयव, त्याला कर्णावर्त म्हणतात. आवाजाचे हेलकावे मज्जातंतूंना कळतील अशा संदेशात बदलण्याचं काम तिथे होतं. बोळ किंवा मधली खोली बिघडली आणि आतली खोली शाबूत असली, तर कवटीचं हाड हलवून आवाज थेट आत पोचवता येतो. माझे दोन्ही कान लहानपणापासून फुटायचे. पू, वास, कापूस, ड्रॉप्स यातच शाळा गेली आणि पुढे नोकरीची वर्षंही. साधं कानाचं मशीन लावलं की त्याचा साचा कानाचं तोंड बंद करायचा आणि आठवड्याभरात कान पुन्हा वाहायला लागायचा. ज्याचा कान वाहतो त्याला बूच चालत नाही. ज्याला भोकच नाही त्याला साचा बसत नाही. अशांसाठी हाडाची वाट.

तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून बघा. त्यात हवेतून किती ऐकू येतं याची एक रेषा असते आणि हाडातून किती याची दुसरी. हाडाची रेषा वर आणि हवेची बरीच खाली असेल, तर आतली खोली चांगली आहे आणि अडचण वाटेत आहे. हाडाची रेषा साधारण ४५ डेसिबलच्या आत असेल तर नेहमीच्या ताकदीचं मशीन पुरतं. जास्त ताकदीची मशीन ५५ किंवा ६५ डेसिबलपर्यंतही काम देतात. दोन्हीकडची आतली खोलीच निकामी असेल तर हाडातून आवाज पाठवून उपयोग नाही. तिथे कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे कर्णावर्तात बारीक तार घालून मज्जातंतूंना थेट संदेश देणाऱ्या उपकरणाचा, विचार होतो आणि ते वेगळं ऑपरेशन आहे. नातेवाईक या दोन गोष्टींची फार गल्लत करतात.

एकच कान पूर्ण गेलेल्यांनाही बाहा देतात. अशांचा दुसरा कान चांगला असतो, आणि कवटी एका बाजूला हलली की दुसऱ्या बाजूच्या कर्णावर्तालाही जवळजवळ तेवढाच हेलकावा बसतो. म्हणजे गेलेल्या बाजूला बसलेल्या माणसाचं बोलणं मशीन पकडतं आणि हाडातून चांगल्या कानाकडे पाठवतं. मात्र आवाज कुठून आला ते एका मशीनने कळत नाही. दिशा ओळखायला मेंदूला दोन कानांकडून दोन वेगळ्या बातम्या लागतात. मलाही ती अडचण आहे. घोडबंदर रोडवर हॉर्न ऐकू येतो, पण डावीकडून की उजवीकडून ते सांगता येत नाही. मी मान वळवून दोन्हीकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि एक मशीन असलेल्या प्रत्येकाने हे अंगवळणी पाडावं.

आता खुंटीकडे येते. बोली नाव म्हणून मी तिला खुंटीच म्हणते, दवाखान्यात अबटमेंट म्हणतात. कानामागच्या हाडात टायटॅनियमचा तीन-चार मिलिमीटरचा स्क्रू बसवतात आणि त्याच्यावर ही छोटी खुंटी. ती कातडीतून बाहेर डोकावते आणि मशीन तिच्यावर खटकन बसतं. टायटॅनियमच का, याची गोष्ट स्वीडनमधली आहे. १९५०च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्तपुरवठा बघत होते. काम संपल्यावर ते निघेचना. हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. त्यातून आधी दातांचे इम्प्लांट आले आणि १९७७ साली गोथेनबर्गमध्ये आंडर्स त्येलस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानामागच्या हाडात पहिल्यांदा अशी खुंटी बसवली.

हाड धातूला धरतं. कातडी धरत नाही. रोजच्या निगेचं सगळं कारण या एका फरकात आहे.

नाक टोचल्यावर काय होतं ते आठवा. भोक बरं होतं म्हणजे आतून कातडीचं अस्तर तयार होतं, पण चमकीची तार कातडीला चिकटत नाही. तार फिरते, सरकते, तिच्याभोवती मळ साचतो. खुंटीभोवतीही तशीच गोल कड असते, आणि ती आयुष्यभर उघडी राहते. कातडी रोज जुनी होऊन गळते, घाम येतो, केसांच्या मुळाशी तेल सुटतं. हे सगळं त्या कडेच्या खाचेत जमून खपली होते, आणि खपलीखाली जंतूंना ऊब मिळते. चमकी निदान कधीतरी काढून धुता येते. खुंटी काढता येत नाही. म्हणून ती तिथल्या तिथे धुवायची, रोज.

मी अंघोळीच्या वेळी धुते. आधी मशीन काढून मोरीबाहेर ठेवायचं, ते पाण्याचं नाही. मग कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण डोक्यावरून जाऊ द्यायचा, म्हणजे खपली मऊ पडते. त्यानंतर दवाखान्यातून मिळालेला मऊ ब्रश. तो संपला की लहान बाळाचा दातांचा ब्रशही चालतो, पण त्याच्यावर खूण करून वेगळा ठेवायचा. ब्रश कडेवर आडवा टेकवून खुंटीभोवती गोल फिरवायचा, भांडं घासल्यासारखा जोर लावायचा नाही. खुंटी वरून पोकळ असते, त्या पोकळीतही एकदा फिरवायचा, कारण मशीनचा खटका तिथेच बसतो आणि तिथला मळ आवाज खरखरीत करतो. मग भरपूर पाण्याने साबण काढायचा आणि स्वच्छ पंचाच्या टोकाने टिपायचं. मला सगळं मिळून पाच मिनिटं लागत नाहीत. दर तीन महिन्यांनी ब्रश बदलते.

कापसाच्या काड्या वापरू नका. तंतू खुंटीला गुंडाळून राहतात आणि दिसतही नाहीत. खपली सुकलेली असताना नखाने किंवा केसांच्या पिनेने काढू नका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे काहीच आपल्या मनाने करू नका. तेव्हाची पट्टी, मलम, वरची टोपी डॉक्टर सांगतील तशीच.

ही जागा आपल्याला दिसत नाही, ही खरी अडचण. आरशासमोर मान कितीही वाकडी केली तरी कानामागचं धड दिसत नाही. मी दर रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात सुनेकडून मोबाइलवर फोटो काढून घेते. एकच जागा, एकच उजेड. मागच्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवला की लाली वाढली का, कातडी वर चढली का, लगेच कळतं, आणि गरज पडली तर तोच फोटो डॉक्टरांना पाठवता येतो. डॉक्टर या कडेला ० ते ४ असे आकडे देतात. ० म्हणजे ठीक. १ म्हणजे थोडी लाली. २ म्हणजे लाल आणि ओलसर. ३ म्हणजे लाल, ओली आणि वर मांसासारखे दाणे आलेले. ४ म्हणजे एवढा संसर्ग की खुंटी काढावी लागते. १ दिसला तर मी धुण्याकडे जास्त लक्ष देते. २ दिसला की घरगुती उपाय नाहीत, फोन करते. हळद, खोबरेल, घरात पडलेलं कुठलंतरी मलम यातलं काही लावायचं नाही. डॉक्टर देतील ते मलम, सांगतील तितके दिवस.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण तिसऱ्या वर्षी मी स्वतः चुकले. गणपतीचे दिवस, घरात पाहुणे, मोरी एक आणि माणसं अकरा. पाच-सहा दिवस डोक्यावरून पटकन पाणी घ्यायचं आणि बाहेर यायचं, ब्रश काही हातात घेतला नाही. वर कपाळापासून मानेपर्यंत घाम. विसर्जनाच्या दिवशी मशीन लावताना दुखलं, तरी रेटून लावलं. आणखी दोन दिवसांनी उशीला पिवळा डाग दिसला. डॉक्टरांनी साफ केलं, औषध दिलं आणि सांगितलं, सूज उतरेपर्यंत मशीन लावायचं नाही. तीन आठवडे मी माझ्याच घरात ओठ बघून बोलणं समजून घेत होते. नातू जवळ येऊन काहीतरी सांगायचा, मी हसायचे, आणि त्याला कळायचं की आजीला ऐकू आलेलं नाही. त्या तीन आठवड्यांनंतर एकही दिवस ब्रश चुकला नाही.

कातडीतून बाहेर न येणारे प्रकारही आता आहेत. त्यात कातडीखाली लोहचुंबक असतं, बाहेरचा भाग त्याला चिकटतो. कड उघडी नसल्यामुळे ब्रशचं काम नाही. पण तिथे काळजी दाबाची. चुंबक फार जोराचं असलं तर मधली कातडी चेपते, लाल होते, दुखते, पुढे पातळही होऊ शकते. संध्याकाळी मशीन काढल्यावर वळ उमटलेला दिसला आणि तो लवकर गेला नाही, तर कमी ताकदीचं चुंबक मागायचं. काही नव्या प्रकारांत हाड हलवणारा भागच कातडीखाली असतो आणि बाहेरच्या तुकड्याला नुसतं जागेवर राहण्यापुरतं चिकटायचं असतं. तुमचा प्रकार कोणता, हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

आता मशीन. मशीनचा आपल्याकडचा शत्रू दमट हवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ठाण्यात पापड सादळतात, पुस्तकांना वास येतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. तीच हवा मशीनच्या मायक्रोफोनच्या बारीक छिद्रांत शिरते. वर आपला घाम. पहिल्या पावसाळ्यात माझं मशीन दुपारी व्यवस्थित असायचं आणि संध्याकाळी बाजारातून आले की आवाज बुडाल्यासारखा यायचा. मला वाटलं बिघडलं. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाने, ड्राय बॉक्स दाखवला. घट्ट झाकणाची डबी आणि आत सिलिका जेलचे मणी, एवढंच. रात्री मशीन कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, सेलचं दार उघडं ठेवायचं आणि डबीत टाकायचं. मण्यांचा रंग बदलला की ते भिजलेत, पाकिटावर सांगितल्याप्रमाणे तापवून सुकवायचे किंवा नवे घ्यायचे. पावसाळ्यात मी दर आठवड्याला रंग बघते. भिजलं म्हणून हेअर ड्रायर मारणं, गॅसजवळ ठेवणं, उन्हात टाकणं, हे प्रकार करू नका, आतले भाग त्याने कायमचे जातात. तांदळाच्या डब्यातही नको, तांदळाची पूड छिद्रांत बसते.

सेल मात्र डबीत ठेवायचा नाही, तो काढून बाहेर. या सेलमध्ये जस्त असतं आणि ते हवेतल्या प्राणवायूवर चालतं. म्हणून त्याच्यावर रंगीत चिकटपट्टी असते. पट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. पट्टी काढून एक-दोन मिनिटं तसाच ठेवून मग मशीनमध्ये घाला, लगेच घातलात तर तो लवकर संपल्यासारखा वागतो. पट्टी परत चिकटवली तरी सेल झोपत नाही, तेव्हा उद्यासाठी म्हणून आज काढून ठेवू नका. फार कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी उडतं, म्हणून ड्राय बॉक्स नको. फ्रीजमध्ये ठेवले तर बाहेर काढल्यावर दव धरतं, म्हणून तोही नको. ३१२ नंबरच्या सेलची पट्टी तपकिरी, १३ची केशरी, ६७५ची निळी. दुकानात नंबर आठवला नाही तर रंग सांगितला तरी चालतो.

घरात लहान मूल असेल तर हे दोनदा वाचा. बटणासारखा सेल गिळला तर तो घशात किंवा अन्ननलिकेत अडकून थोड्या तासांत आतून भाजतो. मूल रडत नाही, बरं दिसतंय, म्हणून थांबायचं नाही. तडक मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. वापरलेले सेलही तितकेच धोक्याचे. मुलांच्या मशीनला सेलच्या दाराचं कुलूप मिळतं, ते मागून घ्या.

तेलाबद्दल मात्र माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं अजून पटत नाही. तिचं म्हणणं, आठवड्यातून एकदा डोक्याला खोबरेल हवंच. मी म्हणते, हवं, पण खुंटीपासून दोन बोटं लांब, रात्री, मशीन काढल्यावर, आणि सकाळी केस धुऊन पूर्ण सुकल्याशिवाय मशीन लावायचं नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तेल-उटणं लावताना मी कानामागे आधी पंचाची घडी धरते, कारण उटण्याचे कण कडेत अडकले तर दोन दिवस खाज सुटते. केस काळे करताना, मेंदी लावताना, पार्लरमध्ये, रंगपंचमीला मशीन डबीत. आणि केस कापणाऱ्याला खुर्चीत बसल्याबरोबर सांगायचं की कानामागे धातू आहे, कंगवा आणि केस कापायचं मशीन जपून.

मशीन लावायची एक युक्ती आहे. सरळ दाबून बसवायचं नाही, त्याने खुंटीवर नको तितका जोर येतो. आधी एका हाताने केस बाजूला करा. मशीन थोडं तिरपं धरून एक कड खुंटीत टेकवा आणि मग हलकेच आडवं करा, खट् असा आवाज येतो. काढताना बोटाचं टोक खाली घालून तिरपं उचला. मध्ये एक जरी केस अडकला तरी मशीन शिट्टी मारतं. कानाच्या पाळीला, चष्म्याच्या काडीला, टोपीला किंवा सोफ्याच्या पाठीला मशीन टेकलं तरी शिट्टी येते. त्याचं कारण साधं आहे. मशीन हाड हलवतं, ती थरथर टेकलेल्या वस्तूतून किंवा हवेतून परत त्याच्याच मायक्रोफोनपर्यंत येते, मशीन ती पुन्हा मोठी करतं, आणि हे चक्र चालू राहतं. शिट्टी म्हणजे बिघाड असं लगेच समजू नका. आधी हात फिरवून कशाला टेकलंय ते बघा.

फोन कानाच्या भोकाशी धरून उपयोग नाही, मशीनच्या मायक्रोफोनजवळ धरा, म्हणजे कानाच्या जरा मागे आणि वर. ही सवय लागायला मला महिना लागला. नव्या मशीनला फोन ब्लूटूथने जोडता येतो, तेव्हा हा प्रश्नच राहत नाही. हेल्मेट घालायचं असेल तर मशीन काढून खिशातल्या डबीत ठेवा. हेल्मेट टाळणं हा पर्याय नाही. आणि खुंटीवर हेल्मेटचा आतला फोम घासत असेल तर तिथे न घासणारं, पण डोक्यावर सैल न होणारं दुसरं हेल्मेट बघा.

ठाणे स्टेशनच्या गर्दीत मशीन पडण्याची भीती सगळ्यांना वाटते. खांद्याचा धक्का लागला तर मशीन खुंटीवरून सुटतं, ते तसंच बनवलेलं असतं, म्हणजे धक्का हाडातल्या स्क्रूपर्यंत जात नाही. पण सुटलेलं मशीन फलाटावर चपलांखाली जायला एक सेकंद पुरतो. मशीनसोबत एक बारीक दोरी आणि चिमटा येतो. तो ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या मागच्या गळ्याला लावा. मी आठ वर्षांत घराबाहेर पाऊल टाकताना दोरी विसरले नाही, आणि दोनदा तिनेच मशीन वाचवलं. याची किंमत लाखांत जाते. विम्यात बसतं का, हे ऑपरेशनच्या आधीच लेखी विचारून घ्या.

भाचेसुनेच्या बाळाला अर्थातच खुंटी नाही. इतक्या लहान वयात कवटीचं हाड पातळ असतं, म्हणून साधारण पाच वर्षांचं होईपर्यंत सहसा ऑपरेशन करत नाहीत. तोवर सॉफ्टबँड. डोक्याभोवती इलॅस्टिकचा पट्टा आणि त्यावर एक चकती, चकतीवर मशीन. चकती कानामागच्या कठीण हाडावर सपाट बसली पाहिजे, कपाळावरही चालते, टाळूवर कधीच नाही. पट्ट्याखालून एक बोट सहज जाईल इतका तो घट्ट असावा. सैल असला तर आवाज हाडात शिरत नाही आणि घट्ट असला तर चकतीचा वळ उठतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा चकतीची जागा थोडी सरकवायची, कातडी बघायची. कोपरखैरण्याच्या उन्हाळ्यात पट्टा दुपारपर्यंत घामाने ओला होतो. तिने तीन पट्टे घेतले, एक डोक्यावर, एक दोरीवर, एक कोरडा. हे सगळ्यात शहाणपणाचं काम तिने स्वतःच्या डोक्याने केलं.

सुरुवातीला बाळ पट्टा ओढून काढायचं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, मोठा झाला की घालेल. इथे मात्र मी मध्ये बोलले. बोलणं शिकायची पहिली वर्षं एकदा गेली की ती परत येत नाहीत. या वयात मेंदू आवाजांची ओळख करून घेत असतो. त्याला आवाज मिळालाच नाही तर तो ती जागा दुसऱ्या कामाला देतो. म्हणून जागेपणी जितका वेळ जमेल तितका पट्टा डोक्यावर हवा. आधी दहा मिनिटं, त्या वेळात आवडीचं गाणं, आवडीचा खुळखुळा. मग वीस मिनिटं. दोन महिन्यांत ते पोर सकाळी उठलं की पट्ट्याकडे हात करायला लागलं.

त्या दिवशी मी तिला आणखी एक गोष्ट दिली. मशीनसोबत प्लॅस्टिकची एक छोटी दांडी मिळते, टेस्ट रॉड म्हणतात. मशीन त्या दांडीवर बसवायचं, दांडीचं टोक आपल्या कानामागच्या हाडावर टेकवायचं आणि दोन्ही कान बंद करायचे. मशीन लावणाऱ्याला काय ऐकू येतं ते आपल्याला तसंच ऐकू येतं. तिने कान बंद केले, नवरा स्वयंपाकघरातून बाळाला हाक मारत होता, आणि ती तिने हाडातून ऐकली. बराच वेळ काही बोलली नाही. मग रोज सकाळी बाळाला मशीन लावायच्या आधी असंच स्वतः ऐकून बघायचं ठरलं, कारण बाळ सांगू शकत नाही की आज आवाज खरखरतोय. मोठ्यांच्या घरीही हे करा. आवाज बंद झाला की आधी सेल बदला, मग खटक्यातला मळ बघा, मग दुसऱ्या कुणाला तरी दांडीवर ऐकायला सांगा. दांडीवर आवाज ठीक आणि खुंटीवर नाही, तर प्रश्न खुंटीचा किंवा कातडीचा. दांडीवरही नाही, तर मशीनचा. एवढं फोनवर सांगितलं तरी ऑडिओलॉजिस्टचं अर्धं काम होतं.

खुंटी बोटाला हलल्यासारखी वाटली तर घरातला पेचकस हातात घेऊ नका. बहुतेकदा वरचा भाग सैल झालेला असतो आणि तो दवाखान्यात ठराविक जोराने आवळतात. पण हाडातला स्क्रूच हलत असेल तर आपल्या आवळण्याने तो निखळेल. पडून डोक्याच्या त्या बाजूला मार बसला, तर दुखत नसलं तरी दाखवा.

आणि माझ्यासारखा ज्यांचा कान जुना वाहणारा आहे, त्यांनी एक लक्षात ठेवायचं. मशीनमुळे ऐकू येतं, कान बरा झालेला नसतो. आत हाड पोखरणारा रोग असेल तर तो मशीन लावल्यावरही वाढू शकतो. म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे ठरलेली फेरी चालूच ठेवायची. कानातून वास येणारा पू, चक्कर, तोंड एका बाजूला वाकडं होणं, तापासोबत जोराची डोकेदुखी, यातलं काही झालं तर त्याच दिवशी जायचं. चांगल्या कानाचं ऐकणं एकाएकी कमी झालं तरी तसंच. सेल बदलून बघण्यात दोन दिवस घालवू नका.

तो पाकिटातला कागद एमआरआयसाठी. मशीन बाहेरचं असतं, ते एमआरआयच्या खोलीत न्यायचंच नाही. टायटॅनियमच्या साध्या खुंटीला बहुधा अडचण येत नाही, पण कातडीखाली चुंबक असेल तर किती टेस्लाचं, म्हणजे किती ताकदीच्या चुंबकाचं, यंत्र चालेल याला मर्यादा असतात आणि कधीकधी चुंबक आधी काढावं लागतं. माणूस बेशुद्ध अवस्थेत आला तर हे कोण सांगणार? म्हणून इम्प्लांटचं नाव, मॉडेल, ऑपरेशनची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद आधार कार्डाच्या मागे ठेवते. त्याची दुसरी प्रत सुनेच्या फोनमध्ये आहे, रविवारच्या फोटोंच्याच फोल्डरमध्ये.